मोहरीएवढ्या गुठळ्या

तिने अकरा उत्तरे छापून टेबलावर ओळीने मांडली आणि प्रत्येकातल्या एकाच वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारत गेली. ‘ग्लास खिडकीच्या उजेडात धरा, दिव्याखाली नको.’ दहा कागदांवर दहा रेघा झाल्या, अकराव्यात ते वाक्य नव्हते. दहाही उत्तरे दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान लिहिलेली होती. त्या वेळी बाकीचे जेवायला जातात आणि जलशुद्धीकरण केंद्रात एकटे तुरटीकाका असतात.

ऑनलाइन कोर्स तिने तयार केला होता. नदीचे पाणी गढूळ आले की तुरटी किती सोडायची, हे ग्लासात गाळाच्या गुठळ्या कशा धरतात ते बघून एकट्या काकांना कळे. म्हणून निवृत्तीनंतर दोन वर्षे त्यांना मुदतवाढ मिळत होती. कोर्समध्ये सगळ्यांसाठी एक वही होती. प्रत्येकाने आपला अनुभव तिथे लिहायचा आणि इतरांनी तो वाचायचा. ज्याचे उत्तर राहील, त्याचे नाव फलकावर लागे. गेले तीन महिने फलक कोरा होता. साहेब खूश होते. आता अकरा जणांना येतं म्हटल्यावर मुदतवाढ कशाला, असे ते सकाळीच म्हणाले होते.

काका टाकीच्या कठड्याशी ग्लास विसळत होते. तिने कागद पुढे केले.

“काका, ही सगळी उत्तरं तुमची आहेत.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “सगळी नाहीत. दहाच. हे पंपवाल्याचं. चुकलंय, पण त्याचं स्वतःचं आहे.”

‘पाणी जितकं गढूळ, तितकी तुरटी जास्त,’ असे पंपवाल्याने लिहिले होते. पहिल्याच आठवड्यात. तुरटी जादा झाली तरी गाळ खाली बसत नाही, म्हणून त्यावर तिची लाल फुली होती, सगळ्यांना दिसेल अशी.

“त्यानंतर कुणी लिहायला धजेना,” काका म्हणाले. “चिठ्ठ्यांवर पासवर्ड लिहून आणून द्यायला लागले. पुढच्या धड्यांसाठी पंपवाल्यानेही दिला. म्हटलं, पोरगी एवढी खपलीय, तिची वही रिकामी नको राहायला.”

“पण चूक दाखवायला नको?”

“दाखव की. मी सहा महिने चुकत होतो. मला शिकवणारे उस्ताद काही बोलायचे नाहीत, दुसरा ग्लास भरून हातात द्यायचे.” ते हसले. “तोंड का पाडलंस? वही तर भरली ना?”

तिने मुदतवाढीचे सांगितले. काकांनी विसळलेला ग्लास पुन्हा विसळला.

“बरं,” ते म्हणाले. “पोरांची नावं मात्र घेऊ नकोस.”

चारच्या बैठकीत तिने नावे घेतली नाहीत. वहीतले ज्ञान एकट्या काकांचे आहे, इतरांना त्यातले काही येत नाही, एवढेच तिने दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा तिचा आवाज चढला.

“मग तर उत्तमच!” साहेब म्हणाले. “अख्खे काका वहीत उतरले की.” त्यांनी तिचाच जुना प्रस्ताव उघडला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. “ज्ञान माणसापाशी अडकून राहता कामा नये. वा! तुम्हीच लिहिलंय, मॅडम.”

महिनाअखेरीस काकांची मुदत संपली. जाताना ग्लास घासूनपुसून खिडकीत पालथे घालून गेले. तिने फुली काढून टाकली आणि पंपवाल्याच्या उत्तराखाली लिहिले, ‘यावर अजून बोलू या.’ पुढे कुणीच काही लिहिले नाही.

नदी गढूळली ती एका मंगळवारी, दुपारी दोनला. ती प्रयोगशाळेत पोहोचली तेव्हा पंपवाला ट्यूबलाइटखाली उभा होता. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर वही. मागे तिघे-चौघे मान उंचावून बघत होते.

“मॅडम, वहीत लिहिलेल्या मोहरीएवढ्या गुठळ्या म्हणजे या एवढ्या का?”

“आधी खिडकीपाशी या.”

तो आला. पाण्यात काहीतरी पांढुरके फिरत होते. खाली बसत होते की नुसतेच तरंगत होते, तिला ठरवता येईना. या धड्याची चित्रे तिने स्वतः निवडली होती. चित्रातले पाणी हलत नव्हते.

“काकांना फोन लावा,” ती म्हणाली.

“लावला. ते म्हणतात, इथून कसं सांगू, बघावं लागतं.”

“मग तुम्हाला काय वाटतं?”

पंपवाल्याने मागे उभ्या असलेल्यांकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“आम्हाला कसलं काय वाटायचं, मॅडम. कोर्स तुमचा आहे. तुम्हीच बघा.”

त्याने ग्लास तिच्या हातात दिला. तो गार होता आणि वाटला होता त्यापेक्षा जड. तिने तो उजेडात धरला. शहराचे नळ सुटायला पाऊण तास उरला होता.