चौकाचं झाकण

आम्रपालीची आर्किटेक्ट म्हणून पहिली सही वैजनाथ सरांनी तिला पेढा भरवून घेतली.

"आधी तोंड गोड कर," असं म्हणून सरांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे 'आर्किटेक्ट' असं छापलेलं होतं आणि खालची जागा कोरी होती. एरवी त्या जागी सरांची लफ्फेदार सही असायची. "माझी सही काय, रोजचीच आहे. हे लेकरू तुझं. नाव तुझंच लागलं पाहिजे."

आता पुण्यात कौतुक असं आपल्या पायांनी चालत दारात येतं का हो? इथे कोणी नुसतं 'बरं आहे' म्हणालं तरी घरी जाऊन सांगायची गोष्ट होते. आणि इथे तर खुद्द वैजनाथ सर पेढा घेऊन उभे. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला शिडी लागत नाही. आम्रपालीने सही केली. आनंदाच्या भरात सहीतला 'ली' रेघेच्या बाहेर गेला. सर हसून म्हणाले, "पहिल्या सहीत तेवढं चालतं." त्या दिवशी तिला वाटलं, आयुष्यात आणखी काही नको.

ते दोन हजार दोन साल होतं. हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि अकोला, लातूर, नांदेडहून पोरी बॅगा घेऊन उतरत होत्या. कॉम्प्युटरवर काम मिळायचं, पण राहायला धड जागा मिळायची नाही. आम्रपालीने शेवटच्या वर्षाचा थिसिस त्यावरच केला होता, नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल. मधोमध मोठा उघडा चौक, चौकात एक कडुनिंब, आणि प्रत्येक खोलीची खिडकी त्या चौकात उघडणारी.

चौक हे तिचं खूळच होतं म्हणा ना. तिचे वडील भीमराव वर्ध्याकडून पुण्याला आले आणि खडकीच्या कारखान्यात लागले. दीड खोलीचं क्वार्टर. पण आठ क्वार्टरांच्या मध्ये एक अंगण होतं, आणि सगळं आयुष्य तिथेच चालायचं. आई, चंपाबाई, तिथेच तांदूळ निवडायची. आम्रपाली पत्र्याच्या ट्रंकेवर ड्रॉइंग बोर्ड ठेवून तिथेच सबमिशन करायची. त्यामुळे कॉलेजात वाचनालय काढायला सांगितलं की हिचा चौक, दवाखाना सांगितला की हिचा चौक. एकदा बस स्टॅंडमध्येही घातला. तेव्हा एक मास्तर म्हणाले, "बाई, लोकांना बस पकडायचीय, गहू वाळवायचे नाहीत." वर्ग खदाखदा हसला. पुढे कॉलेजभर तिचं नाव 'चौकवाली'च पडलं.

थिसिसच्या ज्युरीला बाहेरून आलेले एक बडे परीक्षक होते. आर्किटेक्चरच्या ज्युरीत एक भारी रीत असते. मास्तरांना पटलं नाही की ते मॉडेलला हात घालतात आणि सरळ तुकडा मोडून काढतात. महिनाभर खपून केलेलं मॉडेल डोळ्यांदेखत कडाकड मोडतं, आणि पोरांनी 'थँक्यू सर' म्हणायचं! त्या परीक्षकांनी चौकावर हात ठेवला. "एवढी जागा रिकामी? भरून टाका. इथे अजून खोल्या बसतील." आणि ते भिंत उपटायला लागले, तोच तिला कॉलेजात शिकवणाऱ्या वैजनाथ सरांनी त्यांचं मनगट धरलं. भर ज्युरीत!

"चौकाला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "बाकी वाट्टेल ते मोडा. हा चौक काढलात तर राहील ते गोदाम. मुली राहणार आहेत तिथे, पोती नाही."

आम्रपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाच वर्षं जी गोष्ट तिला धड शब्दांत सांगता आली नव्हती, ती सरांनी दोन वाक्यांत सांगितली. त्या दिवसापासून सर म्हणतील ती पूर्व दिशा.

म्हणूनच पदवी मिळाल्यावर ती दुसरीकडे कुठे फिरकलीच नाही. शनिवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर सरांचं ऑफिस होतं, तिथेच रुजू झाली. पगाराचा विषय निघाला की सर म्हणत, "शिकायला मिळतंय ना?" आणि मिळत होतंच, खोटं कशाला बोला. मॉडेलसाठीच्या फोमबोर्डची कड पंचेचाळीस अंशांत तिरकी कशी कापायची हे सरांनीच शिकवलं होतं. दोन तुकडे कोपऱ्यात असे बेमालूम बसायचे की जोड दिसायचा नाही. कॉलेजात कित्येकांनी प्रयत्न केला, कुणाला जमलं नाही. सरांचा हातच वेगळा.

मग एका बिल्डर शेठचं काम आलं. हिंजवडीजवळ, मुलींचं हॉस्टेल. "तुझा थिसिसच बांधू या," सर म्हणाले. शेठला दाखवायला ते तिचं मॉडेल गाडीत घालून घेऊन गेले. पुढे जूनमध्ये नकाशे तयार झाले, मग तो पेढा, आणि मग ती सही.

पाया खणायला सुरुवात झाली आणि सरांनी आम्रपालीला साताऱ्याला धाडलं. तिथे एका मंगल कार्यालयाचं काम होतं. "तिकडे माझं माणूस हवं," म्हणाले. माझं माणूस! पोरगी त्या दोन शब्दांवर वर्षभर सातारा-पुणे करत राहिली. हॉस्टेलचं विचारलं की सर म्हणायचे, "झकास चाललंय."

परत आली तेव्हा दुसऱ्या सहीचा कागद तयार होता. काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झालं आहे आणि खाली सही करणाऱ्याने ते जागेवर तपासलं आहे, असा दाखला.

"सर, एकदा साइट बघून येते ना," ती म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "का? मी बघितलेलं पुरत नाही?"

झालं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने भर ज्युरीत तिच्यासाठी परीक्षकाचा हात धरला, त्याच्यावर संशय? तिने मान खाली घातली आणि सही केली. न बघितलेल्या इमारतीवर, बघितली म्हणून. चूक होती, तिची स्वतःची होती, आणि त्यात तिला कधी सूट मिळायची नव्हती.

शेजारच्या क्वार्टरमधली पूर्णिमा एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि त्याच हॉस्टेलात राहायला गेली. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "हॉस्टेल मस्त आहे गं, फक्त दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते."

"पडदा काढ की मग," आम्रपाली म्हणाली. तिच्या मनाला दुसरं काही शिवलंच नाही.

पूर्णिमाचं ऐकून भीमरावांच्या मनाने घेतलं. लेकीने बांधलेली इमारत बघायची. रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बरोबर डालड्याच्या डब्यात वाढवलेलं कडुनिंबाचं रोप घेतलं. थिसिसच्या मॉडेलमधलं झाड त्यांनीच केलं होतं, भांडी घासायचा स्पंज हिरव्या रंगात बुडवून. "तवा खोटं लावलं होतं," ते म्हणाले, "आता खरं लावू." बसमध्ये सबंध वाट डबा मांडीवर.

बाहेरून इमारत नकाशासारखीच होती. दरवाजा ओलांडून आम्रपाली आत गेली, सरळ चौकाच्या दिशेने, आणि समोर भिंत आली. भिंतीत दार, दारावर खोलीचा नंबर. शेजारी दुसरं दार, तिसरं दार. चौकाच्या जागी खोल्या होत्या, खालपासून वरच्या स्लॅबपर्यंत. पॅसेजमध्ये भर दुपारी ट्यूबलाइट जळत होत्या. पूर्णिमाने आपल्या खोलीची खिडकी उघडून दाखवली. हात लांब केला की समोरची भिंत लागत होती.

"माय, तुहा तो चौक कोठी हाये?" भीमरावांनी विचारलं. त्यांना वाटलं, आणखी पुढे असेल.

तेवढ्यात भीमरावांना दाराजवळच्या टेबलावर काचेच्या पेटीत मॉडेल दिसलं. "बाप्पा! हे तं तुह्यंच हाये!" ते लगबगीने गेले आणि वाकून बघायला लागले. "माह्यं झाड कोणं काढलं वं?"

मॉडेलमध्ये चौक नव्हता. चौकाच्या जागी पांढऱ्या फोमबोर्डचा ठोकळा बसवला होता, डब्यावर झाकण बसवावं तसा. आम्रपालीने काच बाजूला केली. ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कोपऱ्यात जोड लागला नाही. पंचेचाळीसची कड. असं कापणारा हात तिने आयुष्यात एकच बघितला होता.

मागे सोनबा उभा होता, तिथला वॉचमन, ज्यांची जमीन या इमारतींखाली गेली त्या गावकऱ्यांपैकीच एक. "हे झाकण कधी बसवलं, दादा?" तिने विचारलं.

"कधी म्हंजे? पयल्यापासनं असंच हाय. आखितीला भूमिपूजन झालं तवा हेच टेबलावर ठिवलं हुतं. शेठ समद्यांना दावत हुते, इतक्या खोल्या निघत्यात म्हनून."

आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, मे महिन्यात. आणि पेढा जूनमध्ये. म्हणजे सर तिला पेढा भरवत होते तेव्हा चौक कधीच बुजला होता. मोकळी जागा दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, म्हणून नकाशात तो फक्त मंजुरीपुरता होता. आणि त्या नकाशाखाली सरांना आपलं नाव नको होतं, म्हणून तिचं हवं होतं. लेकरू तुझं म्हणे! असा केसाने गळा कापला होता, आणि कापताना वर पेढा.

भीमरावांनी डबा पुन्हा उचलला. रोप लावायला त्या आवारात हातभरसुद्धा माती नव्हती, सगळीकडे फरशी.

सोमवारी ती ऑफिसात गेली तेव्हा सर चहा पीत होते.

"सर, चौक कुठे गेला?"

"अगं, शेठने मागाहून भरला. या लोकांचं काय सांगावं? मलाही उशिराच कळलं," सर म्हणाले. आणि गंमत बघा, क्षणभर तिला वाटलं, असेलही तसं. तिला तेच खरं हवं होतं.

"मॉडेलमध्येही शेठनेच भरला का? पंचेचाळीसची कड कापून?"

सरांनी कप बशीत ठेवला. मग दुसरा माणूस असता तर ओशाळला असता. हे पुण्याचे, हे फक्त सावरून बसले. "बस. उभं राहून भांडू नये. हे बघ, चौकाला भाडं येत नाही. शेठने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चौक नको. मी काम सोडलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. निदान बाहेरून तरी इमारत तुझी आहे."

"मग सही तुम्ही का नाही केलीत?"

"पंचवीस वर्षं नाव कमावलंय मी," सर शांतपणे म्हणाले. "ते असल्या कागदावर कसं घालू?"

"आणि माझं?"

"तुझं अजून व्हायचंय."

"ज्युरीत तुम्ही म्हणाला होतात, मुली राहणार आहेत, पोती नाही."

"खरंच म्हणालो होतो. चौक उत्तमच होता. आजही म्हणेन." सर खिडकीबाहेर बघायला लागले. "पण पत्रबित्र लिहायचा विचार असेल तर नीट कर. पहिलं लायसन्स तुझं जाईल. मी त्या कागदांत कुठेच नाही."

ज्याला चौक कळलाच नव्हता अशा माणसाने तो बुजवला असता तर तिने दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण याला कळला होता. सगळ्या शहरात याला एकट्यालाच कळला होता. कुंपणानेच शेत खाल्लं, तर फिर्याद कोणाकडे न्यायची? ती जिना उतरली आणि पुन्हा चढली नाही.

घरी तिने सगळं सांगितलं. चंपाबाई म्हणाल्या, "मुकाट्यानं बस. एवढी शिकवली ते लायसन्स घालवाले का?" त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी लेकीच्या फीसाठी काय काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक.

भीमराव पायरीवर बसले होते. शेजारी डब्यातलं रोप. ते म्हणाले, "त्या पोरीयनं खिडकी उघडली का समोर भिंत. तुही सही हाये ना त्याच्यावर?"

"हो, बाबा."

"जबरदस्तीनं घेतली?"

"नाही. पेढा देऊन."

"मंग वापस घेतेवेळी पेढ्याची वाट नोको पाहू."

आत चंपाबाई पदराने डोळे पुसत होत्या, पण त्यांनीही लेकीला पुन्हा अडवलं नाही.

दोन दिवसांनी आम्रपाली मंजुरीच्या ऑफिसात गेली. इमारत न बघता दाखला दिला, तो खोटा आहे, नकाशातला चौक जागेवर नाही, दाखला मागे घेते. बरोबरच्या पत्रात एवढंच लिहिलं होतं. टेबलामागच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"अहो, हे तर तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध दिलंय. लायसन्सवर येईल. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं राहिलं का?"

"नाही. ते कुठेच नाहीत. त्यांनी तशी तजवीज आधीच केलीय."

"मग सही तरी करा. ती राहिलीय."

आम्रपालीने सही केली. या वेळी 'ली' रेघेच्या आतच राहिला. शिक्का बसला, तिने पोच घेतली आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरेना. लायसन्ससाठी ती रडत नव्हती. ज्युरीत परीक्षकाचं मनगट धरणारा तो हात तिला अजूनही आवडत होता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड येत होती.