लोकरीच्या पोपटाची चोच

मित्रांनो, खालच्या मजल्यावर मुंगी शिंकली तरी वरच्या मजल्यावर जे ऐकतं, ते जुनं यंत्र म्हणजे मी, स्टेथोस्कोप. डॉक्टर हे मान्य करत नाहीत. पण माझ्याशिवाय त्यांचे कान काय कामाचे?

कारखान्यात माझी चकती घडली, तिला रबरी नळी जोडली, आणि लहान मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांच्या गळ्यात मी पडलो तो कायमचा. मला पाहताच मुलं भोकाड पसरत. म्हणून डॉक्टरांच्या बायकोने हिरव्या लोकरीचा पोपट विणून माझ्या नळीला बांधून दिला. मग काय विचारता! मुलं पोपटाची चोच धरून निमूट छाती तपासू देऊ लागली. एक पोरगं तर घरी जाताना आईला सोडून मलाच बिलगलं.

एका हिवाळ्यात गब्बू नावाचं तान्हं बाळ वॉर्डात आलं. घरातल्या काकाला साधी सर्दी होती, त्याने लाडाने पापा घेतला, एवढंच निमित्त. मी छातीवर टेकलो तर आत बारीक शिट्ट्या वाजत होत्या. नाकातला नमुना तपासला, तेव्हा आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. हा मोठ्यांचं नुसतं नाक गळवतो, पण तान्ह्यांच्या फुप्फुसातल्या केसाएवढ्या नळ्या सुजवून चिकटाने बुजवतो. त्याचे भाऊबंदही पुष्कळ आहेत, पण तान्ह्यांच्या छातीत घुसण्यात हाच सगळ्यांत पुढे.

गब्बू ऑक्सिजनवर सुधारला. पण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पाय मोडलेली, पिटुकली नावाची तान्ही मुलगी होती. तिचं नाक वाहू लागलं, मग खोकला आला, आणि बघता बघता श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडू लागले. दूध ओढणं थांबलं. ओठ निळसर झाले. तपासणीत तोच विषाणू.

सिस्टर चक्रावल्या. खोकणारी मुलं एका टोकाला, बाकीची दुसऱ्या टोकाला. सगळ्यांचे हात धुतलेले. डॉक्टर तर माझी चकतीसुद्धा प्रत्येक वेळी पुसत.

पिटुकलीच्या आईने विचारलं, "पाय मोडला म्हणून आणली होती हो हिला. खोकला कुठून आला?"

डॉक्टर मला घेऊन पिटुकलीवर वाकले. धाप लागलेली असतानाही तिने सवयीने हात पुढे केला, पोपट ओढला आणि चोच तोंडात घातली. डॉक्टरांचा हात तिथेच थबकला. गब्बूही हीच चोच चघळायचा. चकती पुसली जायची, पोपट कधीच नाही.

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? पण त्यांनी पोपट सोडवला आणि आईकडे पाहून म्हणाले, "बहुतेक माझ्याच गळ्यातल्या या पोपटावरून आला, ताई."

आईचा चेहरा दगडासारखा झाला. "मग आता इथून हलू नका. तिची छाती ऐकत बसा."

डॉक्टर बसले. औषधाने हा विषाणू मरत नाही. नाक साफ करायचं, ऑक्सिजन द्यायचा, नळीने दूध घालायचं आणि वाट पाहायची. आतल्या शिट्ट्या वाढल्या, मग एका बाजूला वाराच जाईना. तिथली शांतता ऐकताना माझी चकती गार पडली. वॉर्डात सगळे हळू पावलांनी चालत होते. आई डॉक्टरांकडे बघत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती.

मग त्या शांत बाजूला काहीतरी कुरकुरलं. वारा शिरला. थोड्या वेळाने पिटुकलीने डोळे उघडले, माझ्या नळीला पोपट नाही हे पाहिलं, आणि असं काही भोकाड पसरलं की माझी नळी फुटायची बाकी राहिली. आई हसता हसता रडली. डॉक्टरांनी मला कानातून काढलंच नाही. इतका गोड कर्कश आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

पोपट उकळत्या पाण्यात गेला आणि आटून चिमणीएवढा झाला. त्याला पुन्हा माझ्या गळ्यात कुणी बांधलं नाही. आता मुलं मला बघून रडतात. रडू देत.

म्हणून मित्रांनो, सर्दी झाली की तान्ह्या भावंडाचा पापा घेऊ नका. आणि मी छातीवर टेकण्याआधी डॉक्टरांना खुशाल विचारा, "काका, हा पुसलाय का?" ते रागावले तर समजा, ते आमचे डॉक्टर नव्हेत.