मोकळ्या गावाचा पंचनामा

त्या कागदाचा पंचनामा माझ्या हातचा आहे, म्हणून मला सगळं तपशिलात आठवतं. नाही तर पिक्चर, खेळ असल्या रिकामटेकड्या गोष्टींशी माझा काडीचा संबंध नाही.

साल चौऱ्याण्णव, जानेवारीचा दुसरा आठवडा. विद्यापीठाच्या नामांतराची तारीख तोंडावर आलेली आणि वरून रोज नवा हुकूम: सभा बघा, पत्रकं बघा, संशयास्पद कागद दिसला की जप्त करा. वालूरच्या रस्त्यावर एका बाजाराच्या गावात आमची चौकी होती. तिथे फौजदारसाहेब आणि मी, जमादार माणिकराव. तीन दिवस हिंडूनही संशयास्पद कागद सापडेना. साहेबांना ते बरं दिसेना. म्हणून चौथ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ सेंटर तपासलं, आणि दारावर तिकिटं फाडणाऱ्या नागनाथच्या पिशवीत एका जुन्या पोस्टरच्या पाठीवर काढलेला नकाशा सापडला.

नकाशात एक गाव होतं. सोसायटीच्या इमारतीवर लाल फुली आणि सुवाच्य अक्षरात ‘इथं लुटायचं’. फाट्यावर ‘इथून पळायचं’. सरकारी दवाखान्याशेजारी ‘मेला तर इथून परत’. ही शेवटची ओळ साहेबांनी दोनदा वाचली.

“माणिकराव, हा दरोड्याचा कट आहे.”

“साहेब, हे आमचं गाव आहे,” मी म्हणालो. ते होतंच. मारुतीचा पार, ओढा, आमच्या घराचा दगडी ओटा, सगळं जागच्या जागी. नागनाथही आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. फक्त गावात नसलेली एक पोलीस चौकी त्याने पदरची घातली होती.

आता यात एक गोम होती. नागनाथची पूर्णेला रेल्वेत खलाशी म्हणून निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. पंधरा तारखेच्या आत ‘हरकत नाही’ असं लिहून तो गेला तर नोकरी. ‘दरोड्याच्या संशयावरून चौकशी चालू’ असं गेलं तर जन्मभर तिकिटं फाडा. हे तिघांनाही माहीत होतं.

“खेळ हाय साहेब,” नागनाथ म्हणाला. “कवड्या टाकून खेळायचा. चिंचोका म्हंजी चोर, बटन म्हंजी पोलीस. सोंगट्यांसारखं ठरल्या घरातनंच जा, असं न्हाई. कुटंबी जाता येतंय. कुनाचीबी गाडी घेता येती.”

“कुणाचीही?”

“बैलगाडी, लुना, यष्टी. पिक्चरमधी हिरो घेतोय की. मालक नुस्ता मागं वरडतोय. किल्ली कुटनं आली ते कुनी इचारत न्हाई.”

साहेबांची मुद्रा पालटली. माणूस परभणीला कॉलेजात असताना वर्गापेक्षा थेटरात जास्त बसलेला. त्यांनी लगेच विचारलं, हे अमक्या पिक्चरमधलं का? नागनाथ म्हणाला, न्हाई, तमक्या. पिक्चरची नावं मी पंचनाम्यात घेतली नाहीत. मला ती सगळी सारखीच वाटतात.

मग तासभर चौकशी झाली. असली चौकशी मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. दवाखाना कशावरून? मेलेला भाऊ इंटरवलनंतर परत येतो त्यावरून. न्हाव्याचं दुकान कशाला? चोराने दाढी काढली की पोलीस ओळखत नाहीत, त्यासाठी. साहेब म्हणाले, “त्या सीनला हिरोच्या दोन पायांत दोन वेगळे बूट होते, बघितलंस का?” नागनाथ म्हणाला, “डाव्या बुटाला नाडीबी नव्हती, साहेब.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हे लिहायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, लिहा.

“आणि पोलीस एवढ्या उशिरा का येतात?”

“एक गुन्हा केला की एकच बटन. पाच झाले की जिल्ह्यावरनं गाडी. पिक्चरमधी शेवटालाच येतेत ना, साहेब.”

साहेबांना हे लागलं. ते म्हणाले, “खेळून दाखव. खेळ असेल तर खेळता येईल, कट असेल तर उघडा पडेल.” एवढा कायदा मलाही माहीत नव्हता.

साहेब पोलीस झाले, नागनाथ चोर. सोसायटीपासून फाट्यापर्यंत दोन वाटा होत्या. आमच्या ओट्यासमोरून सरळ गेलं तर आठ घरं, ओढ्याकडून वळसा घातला तर एकोणीस. नागनाथने सोसायटी लुटली, यष्टी पळवली आणि ओढ्याकडे वळवली. साहेबांनी त्याला पुलापाशी धरला. दुसऱ्या डावात तो पुन्हा ओढ्याकडून गेला, पुन्हा सापडला. तिसऱ्या डावाला साहेब आधीच ओढ्यावर जाऊन बसले. तरी हा पठ्ठ्या तिकडेच.

“अरे,” साहेब वैतागले, “सरळ रस्ता तूच काढलास ना? मग हे कुठल्या पिक्चरमधलं?”

“ते कुटल्याच पिक्चरमधलं न्हाई, साहेब. हात आपसूक तिकडंच जायलाय.”

साहेबांना कळलं नाही. ते दुसऱ्या जिल्ह्यातले. मला कळलं. आमच्या आळीतून बौद्धवाड्यातलं कुणी जात नसे. गेलंच तर ओट्याजवळ आलं की चपला हातात. पाटी लावलेली नव्हती. आबा, माझे वडील, ओट्यावर बसलेले असत आणि तेवढं पुरे होई. मी त्याच ओट्यावर अभ्यास केला आणि जमादार झालो. कायद्याचं कलम मला पाठ होतं. मला लाज वाटली. पंचनाम्यात ती कुठल्या रकान्यात लिहायची ते माहीत नव्हतं.

“समोरून जा,” मी म्हणालो.

नागनाथने चिंचोका उचलला आणि तसाच धरून ठेवला. “आबा ओट्यावर असतेत, जमादार.”

“आबांना जाऊन सात वर्षं झाली.”

“ठाऊक हाय. मातीला आलतो मी. लांब हुबा होतो.”

त्याने कवड्या टाकल्या. चार पडल्या. चिंचोका बरोबर आमच्या ओट्यासमोर आला, आणि टेबलाखाली काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. त्याने पायातल्या चपला काढल्या होत्या. त्या काढल्याचं त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं.

“चपला घाल,” मी म्हणालो. त्याने घातल्या. पुढचं दान पडलं चार, आणि तो फाट्यावरून सुटला. साहेबांचं बटण ओढ्यावरच बसून होतं.

“कट नाही,” साहेबांनी निकाल दिला. “ज्याला पळता येत नाही तो दरोडा काय घालणार!” नकाशा मात्र त्यांनी परत दिला नाही. पुराव्याचा कागद म्हणून ठेवून घेतला आणि बदली होईपर्यंत रोज दुपारी हॉटेलवाल्या बन्सीधरबरोबर खेळले. स्वतः कायम चोर. कायम आमच्या आळीतून.

फॉर्मवर मी ‘हरकत नाही’ लिहिलं आणि त्याच दिवशी पाठवला.

फेब्रुवारीत रजेवर गावी होतो. ओट्यावर बसलो होतो, आबांच्या जागेवर. मागच्या दारातून हाक आली. नागनाथ रेल्वेची ऑर्डर दाखवायला आला होता. पाय घोट्यापर्यंत ओढ्याच्या चिखलात भरलेले आणि चपला हातात. मी ऑर्डर वाचली, पाठ थोपटली, पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं.

“आता असा समोरून जा. फाट्यापर्यंत मी येतो.”

त्याने चपला घातल्या. आम्ही घरातून पुढच्या दाराने निघालो. आळीतली माणसं बघत होती, कुणी अडवलं नाही. जमादार बरोबर होता ना! फाट्यावर एस.टी. आली. चढता चढता तो म्हणाला, “लय जवळ हाय हो हे.”