सीट अंथरुणात मोडत नाही

माझा थोरला भाऊ गोरख गेला तेव्हा त्याच्या मागे एक बायको, एक पाळण्यातली पोरगी, एक आई, एक बाप, एक मी आणि जीपची एक सीट राहिली. यांतल्या फक्त सीटबद्दल भावकीत चर्चा झाली. बाकीच्यांचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

दादा मढ ते जुन्नर वडापची जीप चालवायचा. वडाप म्हणजे जीप माणसांनी भरायची आणि भरली की आणखी दोघं बसवायचे. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक पावणं बसायचं, त्यामुळे दादा निम्मा दाराबाहेर राहून गाडी हाकायचा. दुपारी माणसं नसली की पुढच्या त्याच लांब सीटवर आडवा व्हायचा, पाय खिडकीबाहेर. घरी तो जेवायला यायचा. झोपायला त्याला जीपच लागायची.

त्या सीटचा त्याला लई अभिमान. आतला फोम त्यानं पुण्याच्या भंगारातून, कुठल्याशा परदेशी मोटारीचा आणून भरला होता. कव्हरची शिवण एका कोपऱ्यात मुद्दाम उसवून ठेवलेली. गाडी भरायची वाट बघत बसलेल्या पावण्यांना तो काडी ओढून फोमला लावून दाखवायचा. फोम जरासा काळा पडायचा आणि काडी विझायची. "बघा राव, आग लागत न्हाई हिला." मी एकदा म्हणालो, म्हणजे जीप पेटली तर आपण सगळे जळणार आणि सीट वाचणार. तो म्हणाला, "मग तू सीटच्या आत बस."

पुढे त्याला कावीळ झाली. आग नाही, अपघात नाही, माळशेजची दरड नाही. कावीळ. इतकी किरकोळ वाटणारी गोष्ट की आम्ही ती फार उशिरा मनावर घेतली, आणि त्यानं तर शेवटपर्यंत घेतली नाही.

जीप मालकाची होती, ती मालकानं नेली. सीट दादानं हौसेनं बसवलेली म्हणून ती काढून आमच्या पडवीत ठेवून गेला. दहाव्याला प्रश्न आला. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. ओढ्यापलीकडे मसणवट्याच्या कडेला नेऊन टाकतात. दादाची वाकळ टाकली, उशी टाकली. आई, म्हणजे कोंडाबाई, म्हणाली की तो झोपायचा तो सीटवर, तेव्हा खरं अंथरूण तीच.

भावकीत सगळ्यांत म्हातारे सावळारामबाबा. त्यांनी बराच वेळ सीटकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"मी एष्टीत झोपतो. म्हणून एष्टी माझं अंथरूण व्हईल का? सीट गाडीत मोडती. अंथरुणात मोडत न्हाई."

मसणवट्याच्या कडेला लाल एष्टी नेऊन टाकलेली सगळ्यांनी मनात बघितली आणि निकाल मान्य केला. माझी वहिनी रत्ना, जी दहा दिवस खालीच बघत होती, तिनं तेव्हा मान वर केली. त्याच संध्याकाळी तिनं आणि मी सीट उचलून आतल्या खोलीत भिंतीला लावली.

त्या सीटवर भागू वाढली. नाव भाग्यश्री, पण एवढ्याशा पोरीला एवढं नाव कोण घेणार. तिथंच ती झोपायची, तिथंच भाकरी खायची, स्टीलचं झाकण दोन्ही हातांत धरून गाडी चालवायची. उसवलेल्या कोपऱ्यात बोट घालून फोम उकरायची. फोम जुना झालेला, चिमटीत घेतला की त्याचा पिवळा भुगा व्हायचा. भुगा तिच्या मुठीत असायचा आणि मूठ तोंडात.

वहिनी तिला सीटवर थोपटत सांगायची, इथं तुझा पप्पा बसायचा. तिला फोटोतला माणूस दाखवला तर ती बघायचीही नाही. सीटवर हात आपटून म्हणायची, "पप्पा." तिच्या वयाची पोरं शेजाऱ्यांना शिव्या देऊ लागली होती. भागू हा एकच शब्द बोलायची, आणि तोही सीटला. जुन्नरच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले होते. आईनं ओझरच्या गणपतीला नवस बोलून ठेवला. आबा, म्हणजे आमचे वडील हौशीराम, म्हणाले की गोरखही उशिरानंच बोलला होता, आणि मग कुठं थांबला.

अशात रीना आली. जुन्नरच्या बाजारपेठेत नथमलशेठचं कापडाचं दुकान आहे, आमच्या घरातली सगळी लग्नं त्याच दुकानातून नेसून झालेली. रीना त्यांची नात. पुण्याला शिकायला होती आणि तिथं तिला लहान मुलं असलेल्या घरांतली धूळ तपासणीसाठी गोळा करायचं काम मिळालं होतं. काही घरं जुन्नरातली, काही आमच्यासारखी डोंगराकडची. शेठनं नातीला एवढं शिकवलं ते दुसऱ्यांच्या घरची धूळ काढायला, याचं आईला वाईट वाटलं.

रीनानं आधी निरोप पाठवला होता की आठवडाभर झाडू नका. निरोप पोचला. पण पावणी येणार म्हटल्यावर आईनं पहाटेच उठून सगळं घर झाडलं आणि शेणानं सारवून काढलं. रीना हातात छोटा व्हॅक्यूम घेऊन दारात उभी राहिली. जमीन हिरवीगार, ओली, आरशासारखी.

"आजी, मी झाडू नका म्हणून कळवलं होतं."

"ते कळलं गं. पर तू येणार आन मी झाडायचं न्हाई? तू सगळ्या पेठेत सांगशील."

आबांना वाईट वाटलं. पोरगी एवढ्या लांबून आलेली, रिकामी कशी पाठवायची. त्यांनी रस्त्यावरची धूळ चालेल का विचारलं, ती लई होती. रीना म्हणाली, घरातलीच पाहिजे. मग ती हळूच म्हणाली, ही सीट उचलली तर?

सीट तिथं ठेवल्यापासून वहिनीनं कुणाला हलवू दिली नव्हती. आई सारवताना हात सीटच्या कडेपर्यंत न्यायची आणि वळवायची. आम्ही सीट उचलली. खाली सीटएवढाच लांबट चौकोन, न सारवलेला, आणि त्यात बोटभर पिवळट धूळ. आईनं लाजून पदर तोंडावर घेतला. रीनाला मात्र आनंद झाला. आमच्या घरातल्या कशानंही कुणाला एवढा आनंद झाल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिनं धूळ घेतली, अंगाला काय चिकटतं ते कळावं म्हणून भागूच्या हातात काही दिवसांसाठी रबराचं एक कडं घातलं. आईनं त्याला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधला.

दिवाळी झाल्यावर रीना परत आली. या वेळी हातात काही नव्हतं. वहिनीच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली की धुळीत काही रसायनं सापडली. सोफ्याच्या, गाडीच्या फोमला आग लागू नये म्हणून ती घालतात. फोम जुना झाला की ती धुळीत येतात. सगळ्या घरांत थोडी थोडी सापडली, पण या घरात सगळ्यांत जास्त.

आबांना पुढचं ऐकू गेलं नाही. "म्हंजी पहिला नंबर?" त्यांनी विचारलं. "जुन्नरच्या फ्ल्याटवाल्यांच्याबी वर?"

रीनानं मान हलवली. आबांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. आमच्या घराचा आजवर कशातही नंबर आला नव्हता. मग त्यांनी रीनाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते हसू कुठं ठेवावं त्यांना कळेना.

रीनानं पुढचं सांगितलं. मोठी माणसं धुळीवरून चालतात, लहान पोरं धुळीत राहतात. हात जमिनीला, हात तोंडात. भागूच्या हातातून परत नेलेल्या कड्यावरही तेच सापडलं होतं. सीट घरातून जायला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

वहिनीनं सीटवरच्या भागूकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "यानंच बोलत न्हाई का ती?"

"ते मला सांगता येणार नाही ताई. कुणालाच येणार नाही. असेलही, नसेलही. पण हे तिच्या अंगात जायला नको, एवढं नक्की."

"तिचा एकच शबूद हाय. तो बी घेऊन जाता का?"

याला पुण्यात उत्तर शिकवत नसावेत.

भागू सीटवर झाकण फिरवत होती. वहिनी उठली, चुलीपाशी गेली आणि काडीपेटी घेऊन आली. भागूला उचलून माझ्याकडे दिलं. गुडघ्यावर बसून उसवलेल्या कोपऱ्यात तिनं काडी ओढून लावली, अगदी दादा लावायचा तशी. फोम जरासा काळा पडला. काडी विझली. तिनं दुसरी ओढली. तीही विझली.

"खरं बोलायचा तो," वहिनी म्हणाली. मग तिनं भागूची मूठ उघडली. आत पिवळा भुगा होता, ओला. वहिनीनं तो पदरानं पुसला, पुन्हा पुसला, पुसलेलं दिसत होतं तरी पुसत राहिली. "हे हिच्या पोटात जातंय. आन मी सगळ्यांना सांगती, पोरगी पप्पापाशी खेळती."

आबा बाहेर गेले आणि सावळारामबाबांना हाताला धरून घेऊन आले. वाटेत काय सांगितलं ते मला माहीत नाही. म्हातारा दारात टेकला. आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, सीट अंथरुणात मोडती का न्हाई?"

सावळारामबाबांनी वहिनीकडे पाहिलं, भागूकडे पाहिलं.

"मोडती," ते म्हणाले. "तो झोपायचा तिच्यावर. तवा एष्टीचं बोललो ते माझं चुकलं, पोरी. जाऊ दे तिला आता."

वहिनी तेव्हा रडली. दहाव्याला रडायचं राहिलं होतं.

मसणवट्याला मात्र रीनानं हरकत घेतली. तिथं गुरं येतात, पोरं येतात. जाळायचं तर मुळीच नाही, धूर आणखी वाईट. पुण्यात अशा वस्तू नीट निकालात काढतात, जुन्नरहून ती स्वतः तिथं पोचवणार होती. सावळारामबाबांनी विचार करून निकालात दुरुस्ती केली: अंथरूणच आहे, पण जुन्नरला न्यायचं.

पेंढ्यावर टाकायच्या प्लॅस्टिकच्या कागदात आम्ही सीट गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. बांधल्यावर ती कशासारखी दिसते, ते सगळ्यांना दिसलं. दादाच्या एका दोस्ताची वडाप जीप आली. त्यानं टपावर टाका म्हटलं. आबा म्हणाले, त्यो टपावर कधी बसला न्हाई. मग पावण्यांना सरकायला सांगितलं आणि सीट आत, मधोमध घेतली. कुणी विचारलं नाही की हे काय. बहुतेकांनी त्या सीटवर बसून प्रवास केलेला होता. एका म्हाताऱ्यानं तिच्यावर हात ठेवला, गाडी हलली की माणूस शेजारच्याच्या खांद्यावर ठेवतो तसा. दोस्त दारातून निम्मा बाहेर लटकला आणि जीप निघाली.

जीप गेली की हात हलवायचा, एवढं भागूला येतं. तिनं हलवला. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी हलवत राहिली, कारण थांबायचं कधी ते तिला कुणी शिकवलेलं नाही.

घरात आलो तर तो चौकोन होता. वहिनीनं कुणाला हात लावू दिला नाही. धूळ ओल्या फडक्यानं टिपून घेतली, रीनानं ठेवलेल्या पिशवीत बांधली, शेण कालवलं आणि चौकोन सारवला. सगळी जमीन वाळून फिकी झालेली, तेवढाच तुकडा गडद. लांबी दादाएवढी. पाय सोडून. पाय खिडकीबाहेर असायचे.

भागू आली. झाकण हातात होतं. ओल्या तुकड्याच्या कडेशी थांबली. आई म्हणाली, पाय देऊ नको गं, वाळू दे. पण ती पाय देतच नव्हती. ती कडेला बसली, झाकण खाली ठेवलं आणि ओल्या जमिनीवर अलगद हात आपटला.

"पप्पा," ती म्हणाली.

वहिनीनं तिचा हात उचलला, तोंडात जायच्या आत पदरानं पुसला, आणि परत जमिनीवर ठेवला.