भावनाची मार्टमधली नोकरी

अंबडला मार्ट उघडलं तेव्हा राजानंद साळव्यांनीच मुलीचा फॉर्म भरून दिला. भावना बी.कॉम. होऊन तीन वर्षं घरी होती आणि गल्लीतल्या त्यांच्या किराणा दुकानावर घर कसंबसं चालत होतं. ती काउंटरवर लागली. निळा टी-शर्ट घालून पहिल्या दिवशी निघाली, तेव्हा तिच्या आईनं, बेबीनंदानं, गल्लीत पेढे वाटले.

चौथ्या महिन्यात मॅनेजर म्हणाला, "आसपासच्या दुकानांतले भाव लिहून आण. तू इथलीच आहेस, तुला कोणी अडवणार नाही."

भावनानं सगळी दुकानं केली, फक्त स्वतःचं टाळलं. मॅनेजरनं नेमकं तेच विचारलं. दुपारच्या सुट्टीत ती दुकानात येऊन नुसतीच उभी राहिली. राजानंदांनी खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

"लिहून घे मंग," ते म्हणाले. "नोकरी तुझी हाय."

तेल, साखर, तूरडाळ, साबण. एकेक भाव त्यांनी स्वतः सांगितला. तिचा हात अडखळला की ते थांबायचे आणि परत सांगायचे.

पुढच्या आठवड्यात मार्टवर मोठा बोर्ड लागला. त्यावरची प्रत्येक वस्तू राजानंदांच्या दुकानापेक्षा स्वस्त होती. गल्लीतल्या बाया आधी पिशवी पदराआड धरून गेल्या, नंतर उघड जाऊ लागल्या. दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. त्या रस्त्यावरची आणखी चार दुकानं बसली, त्यांत कामाला असलेली माणसं बेकार झाली.

"हे मीच केलं," भावना आईला म्हणाली.

"तू न्हाई तर दुसरीनं लिहून नेलं असतं," बेबीनंदा म्हणाली, पण तिच्याकडं न बघता.

गावात कमावणारे हात कमी झाले, तशी मार्टमधली गर्दीही ओसरली. दोन वर्षांनी एका सोमवारी शाखा बंद झाल्याचा कागद दारावर लागला. मॅनेजरची नागपूरला बदली झाली. भावनासकट सोळा पोरींकडून टी-शर्ट परत घेतले.

राजानंदांना परत दुकान टाकायचं होतं. भावनाला घेऊन ते जालन्याच्या मोंढ्यात होलसेलवाल्या बद्रीनाथशेठकडं गेले. वीस वर्षं त्यांचाच माल अंबडला यायचा. तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती.

"शेठनं कवाच गुंडाळलं," शेजारचा दुकानदार म्हणाला. "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं तुटली. माल भरून ठेवायचा कोणासाठी?"

उधारीवर माल मागितल्यावर बाकीच्या होलसेलवाल्यांनी त्यांना दारातही उभं केलं नाही.

परतीच्या बसमध्ये भावना म्हणाली, "बाबा, पुण्याच्या मार्टमध्ये पोरी कामाला घेऊ राह्यलेत. जाऊ का?"

राजानंद म्हणाले, "जा. इथं आता काय हाय?"

ती गेली. उसाचा हंगाम सुरू झाल्यावर अठ्ठावन्न वर्षांचे राजानंद साखर कारखान्यावर काम मागायला गेले. मुकादमानं त्यांच्या हातांकडं पाहिलं.

"काका, तुमच्यानं पोतं उचलायचं न्हाई."

अंबडची बस तीन तासांनी होती. ते फाटकाबाहेर बाभळीखाली बसून राहिले.