रोजा शहाजादीचा, उपास माझा

रमजानचा चांद दिसला आन् माझे हाल सुरू झाले. रोजा धरला शहाजादीनं, उपाशी मेले मी.

इस्कटून सांगते. बारामतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. शहाजादी दारात मशिन टाकून ब्लाउज शिवती, आन् मी दुपारची भांडी आवरली की तिच्या पायरीवर बूड टेकते. मग आमचं सुरू. तिची थोरली जाऊ जैबुन इंदापूरला, माझी नणंद रतन वालचंदनगरला. दोघींशी आमचं बोलणं बंद, म्हणूनच दोघींविषयी बोलणं चालू. जैबुननं लेकीच्या लग्नात शहाजादीच्या मालकाला मटणाची नळी वाढली न्हाय, नुसत्या रश्श्यावर बोळवण केली. रतननं माझ्या पुरणपोळीला भर पंगतीत चामडं म्हटलं. एवढ्या भांडवलावर आमी कैक वर्सांच्या दुपारी काढल्या.

तर पहिल्याच रोज्याला मी पायरीवर बसले आन् म्हटलं, "काय म्हणती गं तुझी नळीवाली?"

तिनं मान बी वर केली न्हाय. "प्रयागबाई, यंदा मी गीबत सोडली."

"ते काय आन्?"

"कुचाळक्या. पाठीमागं कुणाचं वंगाळ बोलायचं न्हाय. अल्फिया सांगत हुती." अल्फिया म्हंजे गल्लीतली शिकलेली पोरगी, रमजानात बायकांना जमवून धर्माचं सांगती. "म्हणाली, पोट उपाशी ठेवून जीभ मोकाट सोडली तर नुसती भूक पदरात पडती. आन् गीबत करणं म्हंजे मेल्या भावाचं मांस खाणं."

"अगं बाई! आन् माझा तर आज उपासाचा सोमवार."

"म्हणून म्हणते, गप बस."

गप बस म्हणं! गप बसायला मला माझं घर न्हाय का? तरी मी बोलून बघितलं. ऊन वाढलंय म्हटलं, ती व्हय म्हणाली. ऊस तुटून गेला म्हटलं, ती व्हय म्हणाली. संपलं. माणसाचं नाव न घेता दोन बायकांनी बोलायचं तरी काय?

"दरवर्सी रोजे धरतीस, दरवर्सी बोलतीस. यंदाच काय झालं?" मी करवादले.

तिनं मशिन थांबवलं. "लहानपणापासनं धरतीय गं. सगळे नुसते भुकेचेच गेले असतील तर? एक रमजान तरी नीट व्हावा माझ्या हातनं."

डोळं भरलं हुतं तिचं. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, राग बी आला. म्हटलं, बघतेच किती टिकतीय.

मग मी रोज नवीन माल आणायला लागले. कोण कुणासंगं पळालं, कुणाच्या सुनेनं भर बाजारात सासूला काय ऐकवलं. शहाजादी व्हटातल्या व्हटात अल्लाचं नाव घेत पाय चालवायची. मी जेवढं रंगवायचे, तेवढं मशिन जोरात पळायचं. त्या दिवसांत तिची शिलाई लवकर उरकली, गिऱ्हाइकं खूश.

शेवटी एक दिवस इंदापूरनं माझ्या भाच्याचा, सोपानचा फोन आला आन् माझ्या हातात घबाडच लागलं. मी पळतच गेले.

"शहाजादे, जैबुनच्या सुनेनं चूल येगळी केली!"

मशिन थांबलं. "बरं झालं," ती म्हणाली. "वाढायची दानत न्हवतीच. आता खा म्हणावं एकटीनं नळ्या."

मी टाळीसाठी हात पुढं केला. तिनं टाळी न्हाय दिली. तोंडावर हात ठेवला आन् पोरीसारखी रडायला लागली. माझा हात तसाच वर ऱ्हायला.

ती तशीच उठून अल्फियाकडं गेली. परत आली ती बुरखा घेऊनच. "अल्लाकडं तोबा केली, पण तेवढ्यानं भागत न्हाय म्हणती. जिचं बोललं तिनं माफ करायला पायजे. चल."

"मी कशाला? माझा ना रोजा ना नमाज."

"तूच तर ऐकलंस. ऐकणाऱ्यावर बी तेवढंच येतं."

सांगितलं असतं तिला दोन शब्दांत, पण बातमी मीच नेली हुती. गुमान एसटीत बसले.

जैबुननं दार उघडलं. गुडघ्यावर हात, अंगात जुनी साडी, मागं घर सुनसान. आमाला बघून पांढरीफटक पडली. "कोण गेलं?"

"कुणी न्हाय भाबी," शहाजादी म्हणाली. "माफी मागायला आले. तुमच्या पाठीमागं वंगाळ बोलले."

"काय बोललीस?"

"वंगाळ."

"माल बघितल्याबिगर मी माफ करत न्हाय. सांग."

शहाजादी सांगायला लागली. चिकट म्हणाले, नाकानं कांदं सोलती म्हणाले. मधीच अडली की मी मागनं आठवण करून द्यायची. "नळीचं ऱ्हायलं. आन् म्हातारपणी पाणी कोण पाजंल म्हणालीस ते?" शहाजादीनं मला असा चिमटा काढला की अजून वळ हाय.

जैबुननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे कवा कवा बोलायचीस?"

"रोज."

"रोज?"

"जुम्मा सोडून," मी म्हटलं. "त्या दिशी मशिन बंद असतं."

जैबुननं पदर डोळ्याला लावला. म्हटलं, आता काढती भाईर. पण ती म्हणाली, "मला वाटलं, तू मला इसरलीस. पोरं येगळी झाल्यापासनं हितं माझं नाव घ्यायला कुणी न्हाय. आन् तितं बारामतीत माझं नाव रोज निघत हुतं व्हय गं?"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात. मी बी रडले. जैबुन म्हणाली, "नळी संपली हुती गं. पातेलं खरवडून रस्सा वाढला. लाजंनं सांगितलं न्हाय." मग ती शहाजादीविषयी काय काय बोलली हुती ते तिनं काढलं, ते आमच्यापेक्षा दुप्पट निघालं. त्यातलं निम्मं खरं हुतं, पण मी गप ऱ्हायले. अजान झाली, त्यांनी खजूर तोंडात टाकलं, मला गरम भजी मिळाली.

परतीच्या गाडीत शहाजादी खिडकीशी हसत बसलेली. "आज रोजा झाला गं."

"तुझा झाला. आता माझ्या दुपारचं काय? जैबुन तर गेली हातची. ऱ्हायली आमची रतन. तिचं सांगते तुला..."

तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. तेवढ्यात कंडक्टर वरडला, "वालचंदनगर! उतरून घ्या!" ही बया माझी पिशवी उचलून उभी.

"अगं, माझा कुठं रोजा हाय?"

"प्रयागबाई, पुरणपोळी चामड्यासारखीच हुती. मी खाल्लीय. तोंडावर सांगते, म्हंजे ही गीबत न्हवं."

अस्सा राग आला! पण पिशवी तिच्या हातात, उतरावंच लागलं. तिच्या मागं भांडत भांडत रतनच्या दारापातूर कधी आले कळलं न्हाय. कडी वाजवली. रतन पार वाळली हुती, केस पिकलेले. मला बघून तिचा हात छातीवर गेला. "वहिनी? कोण गेलं?"

"कुणी न्हाय," म्हटलं, आन् पुढं जीभच हलंना.

मागनं शहाजादी म्हणाली, "कर सुरू. काय इसरलीस तर मी हाय."