चिंबोरीचं निवळ पाणी

काल्हेरच्या आसपासच्या गावांत हळदीचं जेवण ठरलं की पहिला निरोप कमळआत्याला जायचा, मग मंडपवाल्याला. आठशे माणसांचं मटण ती चुलाणासमोर उभी राहून काढायची. मीठ जिभेवर घेऊन बघणं तिला कमीपणाचं वाटे. टोपावरची वाफ ओंजळीने नाकाकडे ओढायची आणि हाताखालच्या बायकांना सांगायची, "आजून दीड मूठ." त्या दीड मुठीनंतर पुन्हा मीठ घालावं लागलं, असं कधी झालं नाही. साठीला टेकलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नसलेली बाई. पण खाण्याच्या बाबतीत तिने मान हलवली की पंचक्रोशी मान हलवायची.

तिचा धाकटा भाऊ दौलत. भाताची खाचरं होती तिथे त्याने गोदामं बांधली, आणि त्याच्या गळ्यात बोटभर जाडीची साखळी आली. त्याचा मुलगा भावेश मात्र गोदामांत रमला नाही. हॉटेलचं शिकून तो परदेशी प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर गेला आणि तिथल्या स्वयंपाकघरात त्याने सात वर्षं काढली. एका फ्रेंच उस्तादाच्या हाताखाली तो आणि बाली बेटावरचा वायान असे दोघे शेजारी शेजारी उभे राहून शिकले. दोन हजार सहा साली भावेश परतला तो वायानला घेऊनच, आणि बापाकडे त्याने गोदामांच्या रांगेतला शेवटचा गाळा मागितला. हॉटेल काढायला. मसाले इंडोनेशियाचे, रीत फ्रान्सची.

गावाला हसायला निमित्त मिळालं. एका बाजूला टायरांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला कापडाच्या गाठी, दारातून दिवसभर ट्रक जाणार, आणि मधे हा फ्रान्स! हॉटेलचं नाव 'सावा'. वायानच्या भाषेत सावा म्हणजे भाताचं खाचर, असं भावेशने सांगितलं, तेव्हा दौलत म्हणाला, "खाचरंच ठेवाची होती तं बांधकाम कशाला केलं?"

त्यात भर म्हणजे वायान रोज सकाळी उंबऱ्याशी पानाचा छोटा द्रोण ठेवायचा. त्यात फूल, चिमूटभर भात, वर उदबत्ती. गावात कुजबुज सुरू झाली की परदेशी माणूस दारात काहीतरी करून ठेवतो.

कमळआत्या तीन महिने तिकडे फिरकली नव्हती. तिचं कारण वेगळं होतं. हॉटेल निघणार कळल्यावर ती आपण होऊन भावेशकडे गेली होती, म्हणाली होती, "मटणाचं मी बघीन, बाला." भावेश जरा घुटमळला आणि म्हणाला, "आत्या, इथलं जेवण वेगळं आहे गं." बोलला तो गोडच, पण ते तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

एके दिवशी दौलतच तिच्या ओटीवर येऊन बसला.

"बाय, टायरवाला तो गाळा मागतोय. पोराला सांगू का बंद कर म्हणून? मना त्यातलं काय कळत न्हाय. मी दोनदा जेवलो, दोनदा घरी येऊन भाकर खाल्ली. तू एकदा जेव. तुझी जीभ खोटं बोलत न्हाय. तू सांगशील तसं करतो."

सुपातले तांदूळ निवडून झाले, मग कमळआत्या म्हणाली, "बेस्तवारी दुपारी जाऊ. पोराला सांगू नको कशासाठी ते."

गुरुवारी ती हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी घालून निघाली. रस्त्यावर कंटेनर उलटे घेत होते, धूळ उडत होती, क्लीनर ओरडत होते. 'सावा'चं जड लाकडी दार मागे बंद झालं आणि तो सगळा गोंगाट जणू कुणी हाताने पुसून टाकला. आत गोदामाचं उंच छप्पर तसंच होतं, पण वरच्या पत्र्यांतले काही काढून काच बसवली होती. उजेड सरळ टेबलांवर पडत होता. टेबलं सातच. गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याहून आलेलं एक जोडपं आणि हे दोघं.

भावेशने वाकून आत्याच्या पायाला हात लावला. त्याचा चेहरा उतरलेला होता. आत्या कशासाठी आली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं असावं.

"मेनू नको," कमळआत्या म्हणाली. "तुमच्या मनात येईल ते वाढा."

पहिल्यांदा पांढऱ्या खोलगट वाडग्यात पाणी आलं. निदान तिला तरी ते पाणीच वाटलं, फिकट सोनेरी, तळाची नक्षी दिसेल इतकं स्वच्छ. वर तेलाचा एक थेंब नाही.

"चिंबोरीचं सार आहे," भावेश म्हणाला.

दौलतने बहिणीकडे बघितलं. चिंबोरीचं सार म्हणजे कसं असतं हे खाडीकाठच्या पोराला विचारावं. नांग्या कुटून गाळायच्या, खोबरं, मसाला, लालभडक, दाट. कमळआत्याने सवयीने वाडगा नाकाकडे नेला, आणि तिचा हात थांबला. वासात पूर्ण चिंबोरी होती. ओहोटीला चिखलातून ओढून काढलेली, ओली, खारट, जिवंत. तिने चमचा बाजूला ठेवला, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि घोट घेतला.

तिने डोळे मिटले. आधी चिंबोरी आली, मग गवती चहा, मग लिंबाच्या पानासारखं काहीतरी, आणि मग पुन्हा चिंबोरी, पण आता गोड. प्रत्येक चव आपापल्या जागी उभी होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. चाळीस वर्षांत हजारो चिंबोऱ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यांच्यात ही एवढी गोडी असते हे तिला माहीत नव्हतं. मसाल्याखाली ती आपणच झाकत आलो की काय?

"बाय?" दौलत म्हणाला. "काय झालं?"

"गप बस," ती म्हणाली.

मग जिताडा आला, केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजलेला. हा तर आपला घरचा मासा, पानही घरचं, म्हणून ती जरा सावरून बसली. पान उलगडलं तशी हळदीची, आल्यासारख्या कुठल्या मुळाची वाफ तोंडावर आली. तेवढंच असतं तर तिने ओळखलं असतं, मान हलवली असती. पण भावेशने शेजारी उभं राहून त्यावर पिवळसर, चकचकीत असं काही ओतलं. लोणी होतं ते, चिंचेच्या कोळात थोडं थोडं घालून घोटलेलं. लोणी आणि चिंच एकत्र येतात? ते फाटायला हवं होतं. फाटलं नव्हतं. मासा जिभेवर ठेवला तर दातांना काम राहिलं नाही.

तिने हातानेच खाल्लं. ठाण्याच्या जोडप्यातल्या बाईने तिच्याकडे बघितलं आणि स्वतःचेही काटे-चमचे खाली ठेवले.

त्यानंतर बदक. आधी मसाल्यात मुरवून मग त्याच्याच चरबीत पाच तास मंद आचेवर ठेवलेलं, असं भावेश सांगत होता, पण ती ऐकत नव्हती. कातडी पापडासारखी मोडत होती आणि आतलं मांस हाडावरून आपसूक सरकत होतं. सोबत दगडावर वाटलेली लाल चटणी होती. तिच्यात मात्र तिला एक ओळखीचं माणूस भेटलं.

"जवला हाय यात!" ती मोठ्याने म्हणाली. "सुकवून आंबवलाय, पण जवलाच हाय."

भावेश पहिल्यांदा हसला. "त्यांच्याकडे पण करतात आत्या. त्यांच्या किनाऱ्यावर."

समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी किनाऱ्यावर बायका डोक्यावर फडकं घेऊन जवल्याची बारीक कोळंबी सुकवत बसल्या आहेत, कावळे हाकलत आहेत, हे तिला लख्ख दिसलं. जग एवढं लांब पसरलेलं आहे आणि एवढं शेजारीही आहे, हा विचार तिला याआधी कधी करावा लागला नव्हता.

गोडाच्या वेळी भावेश जवळजवळ धावत आला. "आत्या, लगेच खा, थांबू नको." लहान मातीच्या कुंडीतून नारळ आणि माडाच्या गुळाचं काहीतरी दोन बोटं वर चढून आलं होतं. हलकं, थरथरणारं, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखं. तिने चमचा लावला आणि ते निःश्वास टाकून खाली बसलं. दौलत दचकला. त्याने आपलंही खाल्लं, पुसून खाल्लं, आणि भाकरीचं नाव काढलं नाही.

सगळं संपल्यावर कमळआत्या उठली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. भावेश मागे धावला. आत वायान होता, चाळिशीचा, बुटका, डोक्याला रुमाल बांधलेला. शेगडीच्या कोपऱ्यावर तोच पानाचा द्रोण, फूल, भात. कमळआत्या त्याच्याकडे बघत राहिली. हळदीच्या सैपाकाआधी चुलाणात ती तांदळाची पहिली मूठ टाकायची, तीही अशीच देवासाठी. करणी म्हणे! तिने द्रोणाला हात जोडले. वायानने आपले हात पुसले आणि तिला हात जोडले.

"वो पानी," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "चिंबोरी का. कैसे किया? मेरेकू दिखाव."

वायानचं हिंदीही जहाजावर पोरांकडून उचललेलं. "टाइम लगेगा, माँ. खड़ा रहना पड़ेगा."

"चालीस साल खडीच है मैं."

एका टोपात चिंबोऱ्यांचं गढूळ, तपकिरी पाणी होतं. वायानने अंड्यांचा पांढरा बलक आणि वाटलेला मासा कालवून त्यात सोडला, एकदा ढवळलं आणि आच अगदी बारीक केली. हळूहळू तो सगळा पांढरा ऐवज वर आला, एकमेकांत गुंतला आणि टोपाच्या तोंडावर जाडसर साय धरून बसला. पाण्यातला गाळ, कचरा, राखाडी फेस सगळं वर ओढलं जात होतं, त्या सायीत अडकत होतं. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी तुरटीने निवळताना तिने पाहिलं होतं, पण तिथे गाळ खाली बसतो. इथे तो वर चढत होता. तासाभराने वायानने पळीने सायीत हलकेच एक भोक पाडलं.

"देखो."

कमळआत्या वाकली. भोकाखाली तेच सोनेरी पाणी होतं, आरशासारखं. त्यात तिला स्वतःचा डोळा दिसला. तिने पदर तोंडाला लावला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

बाहेर दौलत गाडीला टेकून उभा होता. ऊन उतरलं होतं. "दीड तास!" तो म्हणाला. "काय करत होतीस? सांग आता. चांगलं हाय का वाईट?"

"चांगलं-वाईट मना न्हाय सांगता येत, दौलत."

"म्हंजे?"

"मोठं हाय." तिला शब्द सापडत नव्हते आणि याचं तिलाच नवल वाटत होतं. "मना वाटायचं रांधणं म्हंजे मना येतं तेवढंच. तेच्या पलीकडं एवढं असेल, हे मना ठावं नव्हतं. टायरवाल्याला दुसरा गाळा दे."

दौलतने डोकं खाजवलं. मग त्याने खरंच टायरवाल्याला दापोड्याचा गाळा दिला.

'सावा' कधी भरभरून चाललं नाही, पण चाललं. ठाण्या-मुंबईची माणसं रविवारी गाड्या घेऊन यायची, ट्रकांतून वाट काढत. गावातलेही दोनचार जण जाऊ लागले, कमळआत्या गेली म्हणून. द्रोणाबद्दलची कुजबुज तिने एका हळदीत, बायकांसमोर, चार शब्दांत बंद केली.

आणि दर गुरुवारी दुपारी ती स्वयंपाकघरात जायची. वायानने तिला एक टोप आणि एक शेगडी दिली. पहिल्या गुरुवारी साय धरायला लागली आणि तिच्या हाताने, चाळीस वर्षांच्या सवयीने, पळी उचलून टोप ढवळला. साय फुटली, गाळ पुन्हा पाण्यात उतरला. वायानने ते गढूळ सार दोन वाडग्यांत ओतलं आणि दोघांनी भाताबरोबर खाल्लं. दुसऱ्या गुरुवारी तिने पुन्हा ढवळलं. तिसऱ्यांदा वायानने तिच्या हातातली पळी हलकेच काढून घेतली आणि तिच्यासाठी एक स्टूल ओढलं.

"हाथ नहीं, माँ. सिर्फ आँख."

जिच्या हाताखाली दहा बायका राबायच्या ती कमळआत्या स्टुलावर बसली. हात मांडीवर एकात एक धरून ठेवले, सुटू नयेत म्हणून. टोपात आवाज असा नव्हताच, कडेला एखादा बुडबुडा यायचा तेवढाच. पांढरे धागे वर येऊ लागले, एकमेकांना धरू लागले. भावेश दारात येऊन उभा राहिला, काही विचारायला आला होता, पण आत्याचं तोंड बघून तसाच मागे फिरला.